गाडीचे ऑइल : घरी बदलावे की गॅरेजात?

श्रोतेहो, पनवेल म्हटले की आज डोळ्यांपुढे येतो तो महामार्ग, त्याच्या कडेची गॅरेजे आणि अहोरात्र धावणारी वाहने. पण मोटार येण्यापूर्वीही हे गाव गाड्यांचेच होते. त्या गाड्या बैलांच्या होत्या, एवढाच काय तो फरक. मुंबईचा माल गलबतांतून पनवेलच्या बंदरात उतरे आणि येथून बैलगाड्यांवर लादून घाट चढून पुण्याकडे जाई. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि ही वाहतूक वाढली. इतक्या गाड्या जाणार-येणार म्हटल्यावर चाके झिजणार, मोडणार. तेव्हा पनवेलच्या सुतारांचा चाके बनवण्याचा धंदा असा नावारूपाला आला, की जुन्या सरकारी गॅझेटियरांनीही त्याची दखल घेतली. घाटावरचा गाडीवान परत जाताना ऐपत असली तर पनवेलच्या चाकांची एक जोडी घेऊन जाई.

आता या गाडीवानाची एक रीत पाहा. गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. चाक कुरकुरू लागले की तो गाडी थांबवी, कुणी काढून चाक जरा बाहेर सरकवी, आखावर वंगण चोपडी आणि पुढे निघे. वंगण घालायला तो काही सुताराच्या दारात जात नसे. पण आरा ढिला झाला किंवा तुंबा फुटला, तर मात्र तो स्वतः पटाशी घेऊन बसत नसे. तेथे सुतारच लागे. कोणते काम आपले आणि कोणते कारागिराचे, हे त्याला पक्के ठाऊक होते.

आज खेड्यापाड्यांत घरोघरी मोटारसायकल आली आहे. तिलाही वंगण लागते. आपण त्याला ऑइल म्हणतो, आणि ठराविक मुदतीने ते बदलावे लागते. मग हे काम गाडीवानाच्या वंगणासारखे घरी करण्याजोगे आहे, की आऱ्यासारखे कारागिराकडे नेण्याजोगे? माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने मला सरळच विचारले, “सर, ऑइल घरी बदलले तर किती पैसे वाचतात?” मी चटकन उत्तर दिले, “मजुरी वाचते.” पण घरी येऊन कागदावर हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आले की माझे उत्तर अपुरे होते. हिशेबातली एक रक्कम मी धरलीच नव्हती. तो सबंध हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

प्रथम हे ऑइल इंजिनात करते तरी काय, ते थोडक्यात पाहू. तुमची गाडी रस्त्याने बेताच्या वेगाने चालली असली, तरी आतला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, एका मिनिटात हजारो वेळा वर-खाली होत असतो. धातूवर धातू इतक्या वेगाने घासला तर थोड्याच वेळात दोन्ही तापून एकमेकांना चिकटतील. तसे होऊ नये म्हणून दोहोंमध्ये तेलाचा पातळ पापुद्रा राहावा लागतो. हे झाले पहिले काम. दुसरे, आतली उष्णता तेल बाहेरच्या भिंतीकडे वाहून नेते. तिसरे, जळणातून होणारी काजळी आणि झिजून निघालेले धातूचे कण ते आपल्यात धरून ठेवते, कोठे साचू देत नाही. चौथे, ते गंज रोखते. आणि आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना मिळून एकच तेल असते, हेही विसरू नका.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ जण पट्टी बाहेर काढून दोन बोटांत तेल चोळून पाहतात आणि म्हणतात, “काळे झाले, बदलायला आले.” तेल काळे पडणे म्हणजे ते आपले काम करीत आहे, काजळी पोटात घेत आहे. नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळपट होते, ते बिघडले म्हणून नव्हे. उलट वरवर बरे दिसणारे तेलही आतून थकलेले असू शकते. कारण त्यात मिसळलेली घाण धरणारी, गंज रोखणारी द्रव्ये हळूहळू संपत जातात, आणि ते बोटाला कळत नाही. म्हणून बदलण्याची वेळ रंगावरून ठरवू नये. ती गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटरमध्ये आणि महिन्यांमध्ये दिलेली असते. त्यांपैकी जे आधी येईल ते धरावे. मात्र तेल दुधाळ, चहासारखे दिसले, तर त्यात पाणी गेले असे समजावे, आणि मग मुदतीची वाट पाहू नये. पुराच्या पाण्यात गाडी बुडाली असेल, तर तेल बदलल्याशिवाय ती चालूच करू नये. कोकणातल्या माणसाला हे निराळे सांगायला नको.

आता हिशेबाकडे वळू. आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. तुम्ही त्या जागी आपल्या गावचे भाव आणि आपल्या पुस्तिकेतली मुदत घाला, रीत तीच राहील. समजा, एक माणूस रोज ३० किलोमीटर मोटारसायकल चालवतो आणि वर्षातून ३०० दिवस चालवतो. म्हणजे वर्षाला ९,००० किलोमीटर झाले. पुस्तिकेप्रमाणे दर ३,००० किलोमीटरला ऑइल बदलायचे असेल, तर वर्षातून तीन वेळा बदलावे लागेल. लहान मोटारसायकलीला साधारण लिटरभर किंवा त्याहून थोडे कमी ऑइल लागते. डबा ४०० रुपयांचा आणि गॅरेजची मजुरी १०० रुपये धरली, तर एका वेळेचे ५०० आणि वर्षाचे १,५०० रुपये झाले.

घरी केले तर डब्याचे ४०० तेच. त्याशिवाय बोल्टखालचा वायसर आणि चिंध्या मिळून दहा रुपये. म्हणजे एका वेळेचे ४१०, वर्षाचे १,२३०. वाचले किती? २७० रुपये. पण पहिल्या वर्षी हत्यारे घ्यावी लागणार. एक रिंग पाना, तेल धरायला पसरट तसराळे, ओतायला नरसाळे. त्यांचे ३०० रुपये धरा. म्हणजे पहिल्या वर्षी वाचणे दूरच, ३० रुपये पदरचे गेले. दुसऱ्या वर्षापासून २७० रुपये वाचू लागतील. वर्षाच्या ३६५ दिवसांवर ते वाटले, तर दिवसाला पाऊण रुपयाही पडत नाही.

हे मी तुमचा उत्साह मोडण्यासाठी सांगत नाही. पाऊण रुपयाही पैसाच आहे, आणि आपल्या हाताने आपले यंत्र राखण्याचे समाधान वेगळेच असते. पण खरी रक्कम मजुरीत दडलेली नाही, हे ध्यानात यावे म्हणून सांगतो. आता दुसरी बाजू पाहा. ४०० रुपयांचे तेल ३,००० किलोमीटर चालते. म्हणजे किलोमीटरला तेरा पैसे आणि वर थोडे. पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि गाडी लिटरला ६० किलोमीटर जाते असे धरले, तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला १६७ पैसे येतो. म्हणजे पेट्रोलवर जो १६७ पैसे घालतो, तो माणूस तेलाच्या तेरा पैशांत काटकसर करायला जातो. कोणी म्हणतो, “चालते आहे ना गाडी? आणखी एक खेप होऊ दे.” असे करून त्याने ३,००० ऐवजी ६,००० किलोमीटर एकच तेल ताणले, तर वर्षाला ६०० रुपये वाचतील. आणि त्यापायी इंजिन उघडण्याची वेळ आली, तर पाचेक हजारांचा खड्डा सहज पडेल. म्हणजे आठ वर्षांची बचत एका दुपारी गेली. तेव्हा पहिला निष्कर्ष असा : तेल कोणी बदलले यापेक्षा ते वेळेवर आणि योग्य बदलले का, याला महत्त्व जास्त.

योग्य म्हणजे काय? डब्यावर अनेक अक्षरे असतात. त्यांतली तीन पाहावीत. पहिले, १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असे काही लिहिलेले असते. हा तेलाच्या दाटपणाचा आकडा. त्यातले डब्ल्यू हे थंडीचे अक्षर. थंड असताना तेल किती पातळ राहते ते अलीकडचा आकडा सांगतो आणि तापल्यावर किती दाट राहते ते पलीकडचा. दुसरे, एपीआय या अक्षरांपुढे एसएल, एसएन अशी प्रत दिलेली असते. तिसरे, जासो एमए किंवा एमबी. हे दुचाक्यांसाठी जपानने ठरवलेले मान. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच तेलात बुडालेला असतो आणि त्याला एमए हवे असते. चारचाकीचे जास्त निसरडे तेल त्यात घातले, तर क्लच सटकू लागण्याची भीती असते. स्कूटरची रचना निराळी. तिला बहुधा एमबी चालते, आणि तिच्या मागच्या गिअरपेटीचे थोडेसे तेल वेगळे असते. तेव्हा शेजाऱ्याने कोणते घातले ते विचारू नका. पुस्तिका काय म्हणते ते पाहा.

आता घरी बदलायचे ठरवले, तर कसे करावे ते सांगतो. गाडी दोन-चार मिनिटे चालू ठेवावी, म्हणजे तेल पातळ होते आणि तळची घाण त्याच्याबरोबर निघते. खूप तापवू नये, हात भाजतो. गाडी बंद करून सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी. खाली तसराळे ठेवावे. वरचे ऑइलचे बूच सैल करावे आणि मग खालचा बोल्ट काढावा. पुष्कळ गाड्यांना सतराचा पाना लागतो, काहींना बाराचा किंवा चौदाचा. तोंड उघडा पाना वापरू नये, रिंग पानाच वापरावा. नाही तर बोल्टचे कोपरे झिजून गोल होतात. दहा-पंधरा मिनिटे तेल निथळू द्यावे. जाळी किंवा फिल्टर असेल, तर पुस्तिकेप्रमाणे साफ करावा किंवा बदलावा. बोल्टला नवा वायसर घालून तो आधी हाताने, अगदी शेवटपर्यंत, सरळ फिरवत न्यावा, आणि मगच पान्याने बेताचा आवळावा. नंतर मापून तेल ओतावे. गाडी दोन मिनिटे चालवून बंद करावी, थोडे थांबावे आणि पट्टीवर पातळी पाहावी. काही गाड्यांत पट्टी न आवळता नुसती टेकवून पाहायची असते, हेही पुस्तिकेत दिलेले असते. तेल कमी नको तसे जास्तही नको. जास्त भरलेले तेलही इंजिनाला त्रासदायकच.

“बेताचा आवळावा” असे मी म्हटले, ते अनुभवाचे बोल आहेत. पहिल्यांदा मी स्वतः ऑइल बदलले, तेव्हा बोल्ट गळेल या भीतीने पान्यावर सगळा जोर दिला. बोल्ट पोलादाचा, आणि ज्यात तो बसतो ते कवच ॲल्युमिनियमचे. कडक आणि मऊ यांच्या झटापटीत कोण हरणार ते उघड आहे. आतले आटे गेले, बोल्ट नुसताच फिरू लागला, आणि घातलेले नवे तेल थेंब थेंब जमिनीवर उतरू लागले. शेवटी गाडी ढकलत मिस्त्रीकडे न्यावी लागली. त्याने आटे नव्याने पाडून दिले, आणि त्या एका कामात माझी दोन वर्षांची मजुरीची बचत खर्ची पडली. मिस्त्री हसून एवढेच म्हणाला, “सर, पाना हलका धरायचा, पेन धरता तसा.” शंभर रुपयांची मजुरी कशाची असते, हे त्या दिवशी मला कळले. ती हाताच्या अंदाजाची असते.

म्हणून गॅरेजच्या बाजूनेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. चांगला मिस्त्री ऑइल बदलताना साखळी सैल आहे का, ब्रेक घासले आहेत का, टायर कोठे चिरला आहे का, हे बोलता बोलता पाहून घेतो. गाडी नवी असेल, तर पुस्तिकेत सांगितलेल्या वेळी अधिकृत ठिकाणी सर्व्हिसिंग करून त्याची पावती ठेवणेच शहाणपणाचे. नाही तर पुढे काही बिघडल्यास हमीचा लाभ मिळताना अडचण येते. पण गॅरेजात गाडी टाकून चहाला निघून जाऊ नये. डबा आपल्यासमोर फोडला का, जुने तेल पुरते काढले का, की वरून थोडे भर घातली, हे उभे राहून पाहावे. यात मिस्त्रीवर अविश्वास नाही. दळण आणतानाही आपण गिरणीसमोर उभे राहतोच की! रिकामा डबा मात्र मागून घ्यावा आणि त्याला खिळ्याने भोक पाडूनच भंगारात द्यावा. नावाजलेल्या कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत हलके तेल भरून विकणारे लोक असतात. भोक पडलेला डबा त्यांच्या उपयोगाचा नाही.

आता त्या विसरलेल्या रकमेकडे येतो. घरी तेल बदलले, नवे घातले, हात पुसले. तसराळ्यात लिटरभर काळे तेल उरले. त्याचे काय करायचे? खरे सांगायचे, तर बहुतेक ठिकाणी ते गटारात जाते, कुंपणाच्या कडेला ओतले जाते किंवा उकिरड्यावर पडते. पनवेलच्या गटारात पडलेले पाणी कोठे जाते? गाढी नदीला, आणि तेथून खाडीला. ज्या खाडीत आपले आगरी-कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या कोळंबी, चिंबोऱ्या आणि निवट्या धरत आले, त्या खाडीला. खेड्यात ओतलेले तेल पहिल्या पावसात शेताच्या बांधाशी येते, नाही तर झिरपून विहिरीकडे जाते. तेल पाण्यात विरघळून नाहीसे होत नाही. ते वर पातळ साय धरते, हवा आत जाऊ देत नाही आणि जलचरांच्या कल्ल्यांना चिकटते.

याचे माप किती? अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेने लोकशिक्षणासाठी एक आकडा दिला आहे. एका मोटारीच्या एका वेळच्या ऑइलबदलात निघालेले तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर, गोडे पाणी नासवू शकते. आपल्या मोटारसायकलीचे तेल त्याच्या पाचव्या हिश्शाइतके धरू. म्हणजे साडेसात लाख लिटर पाणी. आता पाच मीटर व्यासाची विहीर घ्या, तिच्यात चार मीटर पाणी आहे असे समजा. तिच्यात सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर हजार लिटर पाणी मावते. म्हणजे एका मोटारसायकलीच्या एका वेळच्या काळ्या तेलात नऊ-दहा विहिरी नासवण्याची ताकद आहे. आणि हे कशासाठी? तर नव्वद रुपयांची मजुरी वाचावी म्हणून!

“पण सर, आम्ही ते फुकट घालवत नाही,” असे काही जण म्हणतील. कोणी ते खांबांना आणि वाशांना वाळवीसाठी फासतो, कोणी चुलीत किंवा भट्टीत जाळतो, तर कोणी खरूज झालेल्या कुत्र्याला चोळतो. श्रोतेहो, हे करू नका. वापरलेल्या तेलात धातूंचे बारीक कण असतात आणि जळणातून आलेली घातक द्रव्ये असतात. अशा तेलाचा कातडीला वारंवार आणि दीर्घकाळ संपर्क राहिला, तर कर्करोगाचा धोका संभवतो. म्हणून घरी काम करताना हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात स्वच्छ धुवावेत. जाळल्याने ही द्रव्ये नाहीशी होत नाहीत. धुरावाटे आपल्याच घरादारावर उतरतात. कायद्यानेही वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. केंद्र सरकारचे त्यासंबंधीचे नियम २०१६ सालचे आहेत. २०२३ साली त्यांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवरच वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी आली. सुरुवात पाच टक्क्यांपासून आहे आणि ते प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढायचे आहे.

आता गंमत अशी, की हे काळे तेल टाकाऊ नाहीच. त्यातली घाण आणि पाणी काढून, शुद्ध करून त्याचे पुन्हा वंगण होते. मूळ तेल फारसे झिजत नाही. मळते ते, आणि त्यात घातलेली द्रव्ये संपतात. वर सांगितलेल्या अमेरिकन संस्थेनेच दाखवले आहे, की ४२ गॅलन खनिज तेलापासून जेवढे वंगण निघते, तेवढेच एक गॅलन वापरलेल्या तेलातून पुन्हा मिळते. आपला देश खनिज तेल बहुतांशी परदेशातून आणतो. तेव्हा गटारात ओतलेला प्रत्येक डबा हा पैशाने विकत आणलेला माल आहे. म्हणूनच गॅरेजच्या कोपऱ्यात काळ्या तेलाचे पिंप असते आणि ते विकत नेणारा माणूस ठराविक दिवसांनी येतो.

आता माझ्या पहिल्या उत्तरात काय राहून गेले होते ते ध्यानात येईल. गॅरेजवाल्याला आपण जे शंभर रुपये देतो, त्यांत बोल्ट फिरवण्याचीच मजुरी नसते; काळे तेल आपल्या हातातून घेऊन त्याची वाट लावण्याचे कामही त्यात येते. अर्थात, गॅरेजवालाच ते नाल्यात सोडत असेल तर त्या शंभराचे अर्धे मोल गेले. म्हणून त्याला विचारावे, “मिस्त्री, जुने ऑइल कोणाला देता?” महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या कारखान्याकडे ते जावे, असा नियम आहे. दहा गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला, की अकराव्याच्या आधी मिस्त्री स्वतःच चौकशी करील.

आणि घरी बदलणाऱ्याने काय करावे? अगदी सोपे आहे. ज्या डब्यातून नवे तेल आले, त्याच डब्यात जुने ओतावे. त्यात पाणी, पेट्रोल किंवा ब्रेकचे तेल मिसळू नये, कारण मिसळीचे तेल शुद्ध करणाऱ्याला परवडत नाही. डब्यावर “जुने ऑइल” अशी चिठ्ठी चिकटवावी आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही भरू नये. तहानेल्या मुलाला बाटली दिसते, आतले दिसत नाही. पुढच्या वेळी बाजारात जाल तेव्हा डबा पिशवीत घालून गॅरेजच्या पिंपात रिकामा करावा. ओळखीचा मिस्त्री याला नाही म्हणत नाही, कारण त्याला त्याचे पैसेच मिळतात.

शेतकरी बंधूंसाठी थोडे वेगळे सांगतो. ट्रॅक्टरचा हिशेब मोटारसायकलीसारखा नाही. त्याच्या इंजिनात सहा-सात लिटर किंवा जास्तही तेल लागते, आणि मुदत किलोमीटरवर नसून तासांवर असते. पुष्कळ ट्रॅक्टरांना ती २५० तासांची असते, काही नव्यांना जास्त. ट्रॅक्टर तालुक्याच्या गावी न्यायचा म्हणजे जाण्या-येण्याचे डिझेल आणि ऐन हंगामातला अर्धा दिवस गेला. मजुरीपेक्षा हा खर्च मोठा. तेव्हा ज्याच्या हाताला सवय आहे त्याने ट्रॅक्टरचे ऑइल आणि फिल्टर घरी बदलणे खरोखर फायद्याचे आहे. पण वर्षाला दोनदा बदलले, तर बारा-चौदा लिटर काळे तेल जमते. ते एकट्याने साठवत बसण्यापेक्षा आळीतल्या पाच-सहा ट्रॅक्टरवाल्यांनी मिळून झाकणाचे एक पिंप ठेवावे, आणि भरले की परवानाधारक माणसाला बोलवावे. काळ्या तेलाला भाव मिळतो. नवा फिल्टर घ्यायला त्याची थोडी तरी मदत होईल.

शिक्षक मित्रांना एक विनंती. हा विषय वर्गात नेण्याजोगा आहे. किलोमीटरला किती पैसे, वर्षाला किती बचत, विहिरीत किती पाणी ही सगळी उदाहरणे फळ्यावर मांडता येतील, आणि ती पुस्तकातल्या नळ-टाकीच्या उदाहरणांपेक्षा मुलांना जवळची वाटतील. परातीत पाणी घेऊन त्यावर गोड्या तेलाचा एक थेंब टाकून दाखवा. तो थेंब किती दूर पसरतो ते पाहिलेले मूल घरी जाऊन बापाला आपणहून विचारील, “बाबा, आपले जुने ऑइल कोठे ओतता?” तो प्रश्न माझ्या या भाषणापेक्षा जास्त काम करील.

तेव्हा सारांश असा. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना इंजिनच नसते, म्हणून इंजिन ऑइलही नसते. त्या वाढतील तसा हा प्रश्न कमी होईल. पण आज आपल्या अंगणात उभी आहे ती पेट्रोलची गाडी. तिचे तेल घरी बदला किंवा गॅरेजात, मुदत पाळा आणि पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घाला. हाताला सवय असेल, योग्य पाना असेल आणि जुने तेल पोचवायची तयारी असेल, तर खुशाल घरी करा. यांपैकी एक जरी नसेल, तर शंभर रुपये मिस्त्रीला द्या. ते वाया गेले असे समजू नका. वंगण घालणारा गाडीवान आपले काम आणि सुताराचे काम यांतला फरक ओळखत होता. आपल्याला त्यात एकाच गोष्टीची भर घालायची आहे. आपल्या गाडीतून निघालेल्या तेलाचा हिशेब कोणाच्या विहिरीवर पडू द्यायचा नाही.